तात्यांचे हट्टी पेन

पेनाचे टोपण काढण्यापूर्वी तात्या त्याला दम भरत. "आज मुकाट्यानं चालायचं. कागदावर बसकन मारलीस तर बघ!" बैलाशी बोलावे तसे ते पेनाशी बोलत. मग जमिनीकडे झटके देत. बहुतेक शाई धोतरावर उतरे आणि कागदावर नुसते ओरखडे उमटत.

तात्या माले गावातले आमचे शेजारी. जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते शिकलेले शेतकरी आणि ग्रामपंचायतीचे पंच. सभेत सहीची वेळ आली की बाकीचे पंच म्हणत, "तात्या, आदी आमच्या सह्या हुंद्या. मग तुमचं शिंपान घाला." तात्या हसत नसत. "प्यान पुन्याचं हाय. मावळी हाताला रुळाया येळ लागतुया," म्हणत. शेतावर जाताना मात्र कोट खुंटीला अडकवून जात आणि पेन कोटातच राही.

त्यांची धाकटी मुलगी चंद्रा डावखुरी. पाहुण्यांना तिने डाव्या हाताने पाणी दिले की आई ओरडे. तात्या म्हणत, "पानी तर त्येच हाय न्हवं?" इतके ते लेकीचे लाड करीत. पण पाचवीनंतर तिची शाळा सुटली होती आणि वैशाखात तिचे लग्न ठरले होते.

पत्रिकांवर पाहुण्यांची नावे स्वतःच्या हाताने लिहायची, असे तात्यांच्या मनात होते. म्हणून पेन घेऊन ते पुण्याला आले. मी तेव्हा तिथे कॉलेजात शिकत होतो. मंडईजवळ फुटपाथवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पेनदुरुस्तीवाल्याकडे मी त्यांना नेले.

म्हाताऱ्याने भिंग डोळ्याला लावून निब पाहिली. "पेनात काही बिघाड नाही. कोण लिहितं यानं?"

"मीच की."

"तुम्ही कधीमधी लिहीत असाल. रोज लिहिणारा माणूस डावखुरा आहे. निब त्या अंगानं झिजलीय बघा. लिहिलंयही पुष्कळ."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले.

"घासून तुमच्या हाताला लावून देतो," म्हातारा म्हणाला. "पण मग त्या हाताला ती चालायची नाही. काय करू?"

तात्या उकिडवे बसून धोतरावरचा शाईचा डाग नखाने खरवडत राहिले. शेवटी म्हणाले, "घासा."

मीही त्यांच्याबरोबर गावी निघालो. एस.टी.ने पौड मागे टाकले. मग एकदम त्यांनी विचारले, "काय लिहीत आसंल रं ती?"

घरी पोचताच त्यांनी पेन चंद्रापुढे धरले. "लिही."

"मी कुटं लिहिती?"

"लिही म्हनतो न्हवं!"

तिने परकराला हात पुसले आणि डाव्या हातात पेन घेतले. निब करकरली, कागदात रुतली. तिने पेन उलटसुलट करून पाहिले. भीती विसरून म्हणाली, "बिघडवलं की वो तात्या ह्येला! आदी किती गुनाचं हुतं."

"काय लिहीत हुतीस?"

तिने माझ्याकडे बोट केले. "दादाची सहावी-सातवीची पुस्तकं हायत न्हवं त्येच्या माळ्यावर? ती उतरून काढत हुते. तुमी परत शाळंत घातलं तर मागं पडाया नगं म्हनून."

तात्या खांबाला टेकून खाली बसले. "शब्द दिलाय गं," एवढेच म्हणाले.

लग्न ठरल्या दिवशीच झाले. पेन आता त्यांच्या हातात लोण्यासारखे चालले असते, पण पत्रिकांवरची नावे त्यांनी मला माझ्या पेनाने लिहायला लावली. पंचायतीतही पुढे ते शेजारच्याकडे पेन मागून सही करीत. थट्टा करणारे हळूहळू गप्प झाले.

मी बी.ए. होऊन शिक्षक झालो. तात्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना भेटायला गेलो, तेव्हा मनातले बोलून टाकले. सातवीनंतर माझे वडील मला शेतीला जुंपणार होते. तेव्हा तात्याच आमच्या ओट्यावर येऊन त्यांच्याशी तावातावाने भांडले होते. "तुम्ही नसता तर मी शिकलोच नसतो, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

"तुझ्या बापासंगं मी भांडलो, म्हनून त्यो नमला," ते म्हणाले. "माझ्यासंगं भांडाया कुनी आलंच न्हाई रं."