जवळ्याची पेटी

उन्हावर चालणारी यंत्रे करणारा आमचा तो गृहस्थ बाळकुमच्या कोळणींच्या थट्टेला कंटाळून धंदा सोडून गेला, असे डोंबिवलीत आजही सांगतात. साफ खोटे! मी त्याचा शेजारी; थट्टा झाली त्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर बाळकुमला होतो.

क्षेमकुशल विचारले तरी आधी आकाशाकडे पाहून मग उत्तर देणारा माणूस तो. बोलणे नेहमी ‘म्हणजे बघा’ने सुरू होई. ऐंशीच्या दशकात त्याने मासळी सुकवायला काचेची पेटी बनवली होती. तिला ना वीज लागे, ना सरपण, आणि आत माशी शिरत नसे. एका तरी अंगणात ती राहावी, एवढीच त्याची आस होती.

त्या दिवशी बाळकुमच्या एका अंगणात त्याने पेटी उन्हात मांडली होती आणि भोवती कोळणी जमल्या होत्या. पेटीतला जवळा पाहून अंगणाची मालकीण म्हणाली, “दादा, तू जन्मात मासली खाल्ली नाय नि आमाला सांगतो चांगला सुकलाय? खाऊन दाखव!”

त्याने चिमूटभर जवळा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि गंभीरपणे विचारले, “म्हणजे बघा, मीठ घालायचे राहिले का?”

जवळा बिनमिठाचाच सुकवतात. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. “ठेव रे बाबा तुझी पेटी,” ती डोळे पुसत म्हणाली.

ती पेटी तिने कित्येक उन्हाळे वापरली. नव्वदच्या दशकात बाळकुमची ती अंगणे बिल्डरांनी घेतली, मासळी सुकवायला कोणी उरले नाही, आणि मगच त्याने कारखान्याला कुलूप लावले. तो कुठे गेला, मला ठाऊक नाही. बाळकुमच्या उंच गच्च्यांवर ऊन नुसतेच पडलेले दिसले की त्याला हाक मारावीशी वाटते.