ओळंब्याची भिंत

गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी तो आधी एक डोळा मिटून दाराची चौकट सरळ आहे का ते बघायचा. बसायचा त्यानंतर.

त्याला अकरा वर्षांची एक लेक होती. लहानपणी ती थापी घेऊन त्याच्या मागे हिंडायची. वर्षभरापासून साडूच्या मागे हिंडत होती. साडू इतिहासाचा मास्तर. तो बोलायला लागला की पोरं भूक विसरत. ओळंब्याच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून किल्ला बघायचं ठरलं, तेही साडूच्याच सांगण्यावरून. दोन वर्षांपूर्वी ओळंब्यानं तिथल्या तटाच्या दुरुस्तीवर काम केलं होतं, हे घरात ठाऊक होतं. कुठला तुकडा, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या नगराचे अवशेष होते. मोडके खांब, सार्वजनिक स्नानगृहाची ऐसपैस फरशी.

"काका, एवढे सगळे लोक एकत्र आंघोळ करायचे?" लेकीनं साडूचं बोट धरून विचारलं.

"आंघोळ कमी, गप्पा जास्त. अंग भिजायचं आणि घसा कोरडा पडायचा."

लेक खळखळून हसली.

"फरशीला उतार चांगला दिलाय," ओळंबा म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

वर तटाशी आल्यावर साडूनं भिंतीवर तळवा ठेवला. "ही बघ. आठशे वर्षं झाली. सांध्यात केस जायचा नाही. असे हात आता जन्माला येत नाहीत."

ते हात ओळंब्यानं खिशात घातले होते.

जुन्या भिंतीत नवा दगड बोटभर मागे बसवायचा, असा दुरुस्तीच्या वेळी तिथला नियम होता. नवं कुठलं ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. ओळंब्याला ते बघवेना. धडधाकट भिंत बोळकी कशाला करायची? त्यानं सगळे दगड जुन्यांच्या ओळीत आणले, घासून, रंग जुळवून. कामावरच्या साहेबांनी बघितलं आणि त्याला घरी बसवलं. घरी त्यानं सांगितलं, काम संपलं.

आता खरं बोलावं तर साडूसमोर अब्रू जायची. गप्प राहावं तर लेक आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या गवंड्याकडे डोळे विस्फारून बघत होती. त्या मेलेल्याचाही त्याला हेवा वाटला. न केलेल्या कामाची वाहवा खात होता.

"हा तुकडा माझा आहे," तो म्हणाला.

"ऊन लागलं का हो तुम्हाला?" बायको म्हणाली.

"साडूभाऊ, नवा दगड मागे असतो," साडू समजुतीनं म्हणाला. "तिकडे बुरुजापाशी बघा."

"ते दुसऱ्यानं केलंय. मी मागे ठेवले नाहीत. म्हणून तर साहेबांनी मला काढलं."

मेहुणी पिशवीत काहीतरी शोधू लागली.

"दोन वर्षांनी सांगताय," बायको हळूच म्हणाली.

लेक भिंतीजवळ गेली. "कुठून कुठपर्यंत, बाबा?"

"त्या झुडपापासून इथवर."

"मग? कसं केलंत?"

ओळंब्याला पुष्कळ सांगायचं होतं. "कसं काय. चुना मळला. दगड बसवले."

लेक वाट बघत राहिली.

साडू मात्र भिंतीवरून बोट फिरवत जुन्या-नव्याचा सांधा शोधत होता. सापडला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "अहो, हे असं सांगतात होय? ये गं इकडे."

तो एका पडक्या दगडावर बसला. "एक गवंडी होता. त्याला वाकडी चौकट दिसली की घास उतरायचा नाही..."

लेक त्याच्या पायाशी बसली, हनुवटी गुडघ्यावर टेकून. ओळंबा उभ्यानंच ऐकू लागला. गोष्टीत खोटं काही नव्हतं. त्याला स्वतःला ती सात जन्मांत अशी सांगता आली नसती.

साडू साहेबांपर्यंत आला. "साहेब लालबुंद. म्हणाले, दगड मागे का नाही घेतलेस?"

"मग बाबा काय म्हणाले?" लेकीनं विचारलं. काकांना.