गल्लीनं पाजवलेला चाकू

आमच्या सासऱ्यांचा खिशातला चाकू इतका बोथट होता, की त्यानं लोणी कापायचं तर लोणी आधी उन्हात ठेवावं लागलं असतं. राधानगरीकडच्या त्यांच्या परड्यातला म्हातारा आंबा यंदाच्या वाऱ्यापावसात आडवा झाला. त्याच्या शेवटच्या जित्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ते सकाळच्या एसटीनं माझ्याकडं आले, कारण कलम बांधण्याजोगी रोपं माझ्या परसात होती. संध्याकाळपर्यंत काड्या सुकणार, म्हणजे त्या आंब्याचा वंशच बुडणार. काप एका झटक्यात गेला पाहिजे. साल चेंगरली की कलम मेलं. दाढीच्या ब्लेडवर मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, विश्वास नाही. ते वाकतं म्हणे.

"पावणं, धार लावता येती न्हवं?" मामांनी विचारलं. जावयाला आमच्याकडं पावणंच म्हणतात.

येती म्हणजे? माशीची मिशी भादरून दाखवतो म्हणालो आणि दारातल्या पायरीवर दगड मांडला. पातं एकदा ज्या कलानं धरलं तो कल शेवटपर्यंत हलू द्यायचा नाही, एवढंच यातलं शास्त्र. पण कोल्हापुरात उघड्यावर बसून माणसाला एकट्यानं काही करता येत नाही. इथं खड्डा खणायला एक असतो आणि तो कसा खणावा हे सांगायला अर्धी पेठ.

आधी शेजारचे निवृत्त मास्तर आले. असं न्हवं म्हणून त्यांनी चाकू काढून घेतला आणि पातं पार आडवं घासलं. मग दूधवाल्यानं गाडी चालूच ठेवून ते उभं घासलं. तालमीतल्या पैलवानानं तर असा जोर लावला, की दगडाची जाडी पापडाएवढी झाली. प्रत्येक जण शेवटी धारेवर अंगठा फिरवायचा आणि नासकं मटण हुंगल्यासारखं तोंड करायचा. एकाची धार दुसरा पुसत होता. मी ओरडून ओरडून दमलो. पण आमच्याकडं दुसऱ्याच्या हातातलं काम हिसकावणं म्हणजे माया. मायेला आवरणार कोण?

मामा कट्ट्यावर गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. फडक्यात काय आहे हे कुणी विचारलंच नाही; प्रत्येकाला फक्त सांगायचं होतं.

शेवटी चाकू-दगड घेऊन मी न्हाणीत शिरलो आणि आतून कडी घातली. एका अंगानं घासत गेलो, दुसऱ्या अंगाला लोखंडाचा केसभर पदर, म्हणजे घासून पलीकडं वळलेली कड, बोटाला लागेपर्यंत. मग पातं उलटवलं. सगळ्यात शेवटी चपलेच्या चामड्यावर पाठीकडून ओढलं. मनगटावरचे केस न सांगता गळाले.

बाहेर आलो तेव्हा मामा रोपाची कुंडी आणायला परसात गेले होते. गाठोडं कट्ट्यावर.

"बघू की," म्हणत पैलवानानं चाकू घेतला, फडक्यातली काडी उपसली आणि सप्पकन दोन तुकडे केले. मास्तरांनाही बघायचं होतं. दूधवाल्यालाही. मी त्यांच्या अंगावर पडून चाकू सोडवला, तोवर एकच काडी उरली होती.

मामा कुंडी घेऊन आले. पायरीवरचे तुकडे त्यांनी बघितले. माझ्या हातातला चाकू घेऊन उरलेल्या काडीला काप दिला, आरशासारखा. ती रोपात बसवली, वरून पट्टी गुंडाळली. मागून मास्तर म्हणाले, "म्या म्हणलं न्हवतं, पातं आडवं धरा?"

मी धारेबद्दल एका शब्दाची वाट बघत उभा. मामांनी चाकू मिटून खिशात टाकला आणि कुंडी छातीशी धरली.

"पावणं, ह्ये जगलं तर गल्लीत कुणाला सांगू नगा."