दोन बोटे, दोन अंगठे

१९८१च्या फेब्रुवारीत, एका दुपारी, वाशीतल्या आमच्या घरात आमची मुलगी वारली. ती दोन महिन्यांचीही नव्हती. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा पाळण्यात मुलीचा श्वास चालत नव्हता. घरात दुसरे कोणी नव्हते. मी खाडीपलीकडे, मुंबईत, वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो.

बायकोने मुलीला हलवले, तोंडावर पाणी मारले, तळपाय चोळले. मग तिला उचलून ती रस्त्यावर आली. रिक्षा मिळायला वेळ लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, ‘‘वाटेत कोणी छाती दाबली होती का?’’ बायको ‘नाही’ म्हणाली. मृत्यूचे कारण कळले नाही.

सगळे आटोपून घरी परतताना ती एवढेच बोलली, ‘‘छाती कुठे दाबायची असते?’’ मला माहीत नव्हते.

हा प्रश्न नंतर आमच्या घरात राहिला. त्याच्याबरोबर रडणे नव्हते. बस कुठून सुटते असे विचारावे, तशी ती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत असे. बहुतेक लोक विषय बदलत. काही चहा अर्धा ठेवून उठत.

१९८२च्या अखेरीस तिला पुन्हा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात तिने मला सांगितले, ‘‘या वेळी हातांनी काय करायचं ते मला माहीत पाहिजे. नाहीतर मी बाळाजवळ एकटी थांबणार नाही.’’ आवाज नेहमीचा होता. ती भाजी निवडत होती. माझ्या पाळ्या कधी दुपारच्या, कधी रात्रीच्या असत. ती एकटी थांबणार नसेल, तर मूल या घरात वाढणार नव्हते. ते तिच्या माहेरी वाढले असते. ते तिने बोलून दाखवले नाही, पण माहेरी तसे कळवले होते.

माहिती दोन ठिकाणांहून आली आणि ती जुळेना.

पहिली खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात होते. तिथल्या प्रथमोपचार पथकात त्यांचे नाव होते. गॅस लागून पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे त्यांना रबराच्या पुतळ्यावर शिकवले होते. तान्ह्या मुलाचे त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम विचारून घेतले. शिकवणाऱ्याने सांगितले होते : दोन बोटे, छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली. दुसरा हात कपाळावर.

दुसरी माहिती बायकोच्या थोरल्या बहिणीची. ती मुंबईतल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका होती. ती म्हणाली, बोटे नाहीत, अंगठे. दोन्ही हातांनी बाळाच्या छातीला वेढा घालायचा, बोटे पाठीखाली, आणि दोन्ही अंगठे शेजारी शेजारी त्याच हाडावर.

एका रविवारी दुपारी दोघे आमच्याकडे एकत्र आले. शेजाऱ्यांनी तुलना करायची व्यवस्था केली होती. शेकायची रबरी पिशवी पाण्याने काठोकाठ भरली. आमच्या मागे इमारतीचे काम चालू होते. पातळी बघायला गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीचा एक तुकडा त्यांनी तिथून मागून आणला आणि चिंधी गुंडाळून पिशवीच्या तोंडात घट्ट बसवला. पिशवी दाबली की नळीत पाणी वर चढे, सोडली की उतरे. दाब किती बसला ते डोळ्यांना दिसे.

माझी आई तेव्हा कोकणातून आमच्याकडे राहायला आली होती. ती दारातच उभी राहिली.

‘‘पोटात पोर असताना हे कसलं सोंग गो?’’

‘‘शिकून ठेवतोय, आई,’’ बायको म्हणाली.

‘‘आमच्यात पोर होईपर्यंत दुपट्यालासुद्धा सुई लावत नाहीत. आणि तुम्ही मेलेलं पोर मांडून बसलात.’’

‘‘आजी, पिशवी आहे ही,’’ शेजारी म्हणाले. ‘‘टेन्शन घेऊ नका.’’

‘‘मग पिशवीच राहू दे. दुपट्यात गुंडाळायची नाही. पाळण्याजवळ न्यायची नाही.’’

तिचे ऐकले. पिशवी उघडीच फरशीवर ठेवली. आई आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडायला बसली. खोली एकच होती आणि स्वयंपाकघरात बसण्याइतकी जागा नव्हती, त्यामुळे ती दुसरीकडे जाऊ शकत नव्हती.

शेजाऱ्यांनी दोन बोटांनी सुरुवात केली. पाणी झपकन वर गेले. मेहुणी बघत होती.

‘‘तुमचा पेशंट वाचतो का हो कधी?’’

‘‘रबराचा आहे, सिस्टर. दर महिन्याला मरतो, दर महिन्याला उठवतो. त्याची तक्रार नाही.’’

‘‘त्याची नसेल. तुमची बोटं बघा.’’

बोटे थकत होती. पाणी सुरुवातीला जिथे पोहोचत होते, तिथे आता पोहोचत नव्हते. मग बायकोने करून पाहिले. तिची बोटे बारीक. पाणी आणखी लवकर खाली राहू लागले. दोन बोटे थोडी तिरकी होत आणि पिशवीवरून घसरत.

अंगठ्यांनी तसे झाले नाही. मेहुणीने पिशवी दोन्ही हातांत धरली आणि दाबत राहिली. पाणी प्रत्येक वेळी जवळपास त्याच उंचीवर येत होते. बायकोच्या हातांनीही तेच झाले. पाठीमागच्या बोटांचा आधार असल्याने अंगठे सरळ दाबत होते.

‘‘अंगठ्याला मानलं,’’ शेजारी म्हणाले. ‘‘पण सिस्टर, श्वास कोण देणार?’’

‘‘दुसरी. आम्ही वॉर्डात दोघी असतो. एक दाबते, एक हवा देते.’’

‘‘वहिनी दुपारच्या एकट्या असतात.’’

मेहुणीने तेही करून पाहिले. पाच वेळा दाबायचे, मग एक फुंकर, असे तेव्हा दोघांनाही शिकवलेले होते. अंगठ्यांनी दाबताना फुंकर मारायची तर दोन्ही हात सोडून डोके धरावे लागे, आणि परत येऊन जागा शोधावी लागे. दोन बोटांच्या पद्धतीत एक हात कपाळावरच राही. मान वळत नसे, तोंड तिथल्या तिथे सापडे.

‘‘एकटी असेल तर बोटं,’’ मेहुणी शेवटी म्हणाली. ‘‘दोघं असाल तर अंगठे. आणि फुंकर नाक-तोंड दोन्ही झाकून. फुफ्फुसातली नाही हं, गालातली हवा. फुगा नाही फुगवायचा.’’

असे ठरले. दोघे म्हणजे बायको आणि मी. उरलेला सगळा वेळ ती एकटी. तिने दोन बोटांचा सराव चालू ठेवला, बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत. आई रोज पाठ करून बसे.

१९८३च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. बाळंतपण वाशीतच झाले. बायको माहेरी गेली नाही.

ऑक्टोबरमध्ये जे झाले, तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढचे बायको, आई आणि दवाखान्यातले डॉक्टर यांच्याकडून घेतलेले आहे. जिथे त्यांचे जुळत नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

सकाळची वेळ होती. आईने बाळाला न्हाऊ घातले, शेकले, दुपट्यात घट्ट गुंडाळले. बायकोने पाजले आणि खांद्यावर घेतले. बाळाला ठसका लागला, मग आवाज थांबला. ओठ निळे झाले. बायकोने त्याला पालथे धरून पाठीवर थापट्या मारल्या. दूध बाहेर आले. श्वास आला नाही. अंग सैल पडले होते.

तिने त्याला फरशीवर ठेवले आणि कपाळावर हात धरून दोन बोटे लावली. बोटे दुपट्यावरून सरकली. गाठ पाठीशी होती. सरावात दुपटे कधी नव्हते. बायको सांगते की तिला गाठ सुटेना. गाठ आईने बांधली होती. आईने ती सोडवली.

नंतरचे संभाषण दोघींनी सारखेच सांगितले.

‘‘आई, फुंका.’’

‘‘मी?’’

‘‘नाक-तोंड दोन्ही झाका. मी थांबले की फुंका.’’

‘‘गालातली ना?’’

‘‘गालातली.’’

बायकोने दोन्ही हातांनी छाती धरली आणि अंगठे ठेवले. आई डोक्याशी गुडघ्यांवर बसली. हे किती वेळ चालले, यावर एकमत नाही. बायको म्हणते, थोडाच वेळ. आई म्हणते, एक भात शिजेल इतका. तितका नसावा, कारण चुलीवरचे दूध उतू गेलेले नव्हते. मग बाळाने कण्हल्यासारखा आवाज केला, आणि नंतर ते रडले.

आरडाओरडा ऐकून शेजाऱ्यांची बायको वर आली. तिने रिक्षा आणली. औषधाच्या दुकानातून कोणीतरी आमच्या कचेरीत फोन केला. निरोप घेणाऱ्या सहकाऱ्याने कागदावर लिहिले होते, ‘बाळ दवाखान्यात, लगेच या’. बाळ कसे आहे, हे त्यात नव्हते. फोन परत लावला, तो कोणी उचलला नाही. पुलावर बस बराच वेळ उभी होती.

डॉक्टरांचे म्हणणे असे : त्यांनी तपासले तेव्हा हृदय नीट चालत होते. ते आधी बंद पडले होते की नाही, हे सांगता येणार नाही. नुसता श्वास अडकला असेल आणि फुंकरीनेच काम झाले असेल, हेही शक्य आहे. छातीवर मधोमध दोन लाल डाग होते, पाठीवर बोटांचे फिकट वळ. हाड मोडलेले नव्हते. डाग कोणाच्या हाताचे, असे त्यांनी विचारले. बायकोने हात पुढे केले.

मी पोहोचलो तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने आत बोट दाखवले. आत बायको खाटेवर मुलाला पाजत होती. थोड्या थोड्या वेळाने ती त्याला बाजूला करी, नाकाशी बोट धरी आणि पुन्हा पाजायला घेई.