जिवंत आईचं पान

आमच्याकडे येणारे पाहुणे दारात चपला काढतात आणि आत पाऊल टाकताच विचारतात, "यातली अनाथ कोणती?" बाजारात कलिंगडं बघावीत तशी नजर फिरते. डोळे नसलेलं पोर दिसलं की थांबते. डोळे नाहीत आणि वर आईबापही नाहीत असं कळलं की लगेच फोटोसाठी फोन बाहेर निघतो.

महाडच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, हे मुलांचं वसतिगृह आहे. आईबाप गेलेली पोरं इथं राहतात, आणि घर असूनही शाळेपर्यंत पोचू न शकणारी अपंग पोरंही राहतात. मी इथं स्वयंपाक करते. माझी शाळा चौथीत सुटली, नवरा जाऊन खूप वर्षं झाली, मुलगा पनवेलला असतो. दया येते म्हणून मी हे काम धरलेलं नाही. काम पाहिजे होतं, ते मिळालं. पोरं मला मावशी म्हणतात, आणि मी त्यांना बिचारी म्हणत नाही, कामाला लावते. ज्याचे हात चालतात त्यानं भांडी घासायची, ज्याला दिसतं त्यानं तांदूळ निवडायचे. ज्याला दोन्ही नाही त्यानं गाणं म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं.

देणारे सगळे सारखे नसतात. शहरातला एक बेकरीवाला दर शुक्रवारी पाव पाठवतो. तो कधी आत आला नाही, कोण कुठला म्हणून त्यानं कधी विचारलं नाही. मी बोलते आहे ती बाकीच्यांबद्दल.

पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूच्या एका वाडीतली एक मुलगी आमच्याकडे आहे. जन्मापासून तिचे पाय काडीसारखे. लहान असताना आई तिला पाठुंगळी घेऊन सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून आणायची, कारण कोणी तरी सांगितलं होतं की पायात जोर येईल. जोर आला नाही. बाप मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. आई वरच्या अंगाला थोडी नाचणी करते आणि लोकांचं गवत कापते. वाडीतून शाळा लांब, मध्ये ओढा. पावसात तिथं धडधाकट पोरं जात नाहीत, तर ही कशी जाणार? म्हणून आईनं तिला आमच्याकडे ठेवली. पोरगी हातांवर चालते, आणि माझ्यापेक्षा जलद चालते. डोकं तल्लख आहे, जीभ त्याहून.

तळीये गावावर दरड कोसळली तेव्हा सगळा तालुका रडला. खरं रडला. पण त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्यांना दरडीतलंच पोर पाहिजे असायचं. आमच्याकडे तिथलं एकही नव्हतं. तसं सांगितलं की पाहुण्यांची तोंडं उतरायची, खानावळीत मासळी संपली म्हणून सांगावं तशी. मग एक दिवस आमच्या व्यवस्थापकानं, ज्याला पोरं काका म्हणतात, या पोरीकडे बोट केलं. "ही बघा. हिची आई दरडीत गेली."

पाहुणे रडले. आठवड्याभरात पाणी स्वच्छ करायचं मशीन आलं.

मी काकाला म्हटलं, "जित्या बाईला मारतोस? लाज नाही वाटत?"

"मावशी, पोरांना चांगलं पाणी मिळालं ना? मी माझ्या घरी काय नेलं? आणि नुसतं तोंडानं बोलून कोणी मरतं का?"

त्यानं घरी खरंच काही नेलं नव्हतं. तो चोर नाही. चोर असता तर मी त्याला पोलिसात दिला असता आणि मोकळी झाले असते.

पोरीला त्यानं शिकवून ठेवलं की पाहुण्यांनी आईचं विचारलं तर बोलायचं नाही, मान खाली घालायची. ती ते इतकं छान करायला लागली की नाटकवाल्यांनी न्यावी. पाहुणे गेले की स्वयंपाकघरात येऊन त्यांच्या नकला करायची. पदर डोळ्यांना लावून, "ओ गॉऽड, किती गोऽड आहे हो!" मग मला म्हणायची, "मावशे, आज मी दोन टिपं काढली. मोठं चॉकलेट भेटलं." हा सगळा खेळ आहे हे तिला माहीत होतं. आई अधूनमधून यायची, नाचणीच्या भाकऱ्या आणायची, पोरीच्या केसातल्या उवा काढून जायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षीच्या सर्वपित्रीला तो खेळ मोडला.

ठाण्याला राहणारी एक मॅडम आहे, माहेर इकडचंच. दरवर्षी पितृपक्षात ती सासूच्या नावानं पोरांना जेवण घालायची आणि दिवाळीला फराळ वाटायची. एरवी पोरं जेवतात की नाही हे विचारायला कोणी येत नाही, आणि त्या पंधरवड्यात खीर आणि वडे खाऊन पोरांची पोटं बिघडतात. ते असो. त्या दिवशी पहाटेपासून मी वडे तळत होते. मॅडम आली आणि म्हणाली, "मला रात्री विचार आला, या लेकरांच्या आईबापांना कोण पान ठेवणार? आज प्रत्येकानं आपापल्या माणसाचं पान ठेवायचं."

काहींना ते बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. एका मोठ्या मुलीनं बापाच्या पानावर ठेवायला बिडी मागितली. काका नको म्हणाला. मी रखवालदाराकडून आणून दिली. तिनं ती खिरीच्या बाजूला नीट आडवी ठेवली.

मग या पोरीची पाळी आली. मी वड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

ती म्हणाली, "काका, माझं नको."

काका वाकून दात आवळून म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे. गप ठेव."

मॅडम तिच्याजवळ बसली. "लाजू नको, बाळा. आईला काय आवडायचं?"

पोरीनं काकाकडे बघितलं. मग म्हणाली, "सुकट."

"अगं, सुकट आज चालत नाही. खीर ठेव हं." मॅडमनं तिचा हात धरला आणि तिच्या हातानं पान आवाराच्या कट्ट्यावर ठेववलं. "आता हाक मार आईला."

"आये."

"मोठ्यानं. तिला ऐकू गेलं पाहिजे."

"आये!"

आमच्या आवारातल्या कावळ्यांना पितृपक्ष कळत नाही. मी रोज मोरीपाशी भाताची खरवड टाकते, तिच्यावर ते पोसलेले आहेत. हाक पुरी व्हायच्या आत एक कावळा उतरला आणि त्यानं खिरीत चोच घातली.

मॅडमनं टाळी वाजवली. "बघ, आली तुझी आई! किती भुकेली होती गं!"

पोरगी किंचाळली. कट्ट्याकडे झेपावली, पान उधळलं, हातानं कावळा हाकलायला लागली. "हाड! हाड! तू नाय! तू माझी आय नाय!" बाकीची पोरं भेदरून रडायला लागली. मॅडमबरोबरचा कोणी तरी फोन धरून सगळं टिपत होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. "किती दुःख साठलंय हिच्या मनात."

मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "दुःख कसलं, मॅडम? हिची आई जिवंत आहे."

काका हसला. "मावशींचं वय झालंय. गोंधळ होतो त्यांचा."

मॅडमनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आजी, दमलात. तुम्हीपण बसून घ्या जेवायला."

तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. शिवी दिली असती तर मी विसरले असते.

पोरीनं त्या दिवशी अन्नाला शिवलं नाही. संध्याकाळी माझ्या पदराला धरून म्हणाली, "मावशे, आये मेली ना गो? मी हाक मारली नि कावला आला."

"तो मोरीवरचा कावळा. रोज येतो."

"जित्या माणसाचा पान ठेवला का माणूस मरतो. आजी सांगायची."

माझीही आजी हेच सांगायची. वाडीतल्या एका शेजाऱ्याचा फोन होता, तो लावला. डोंगरात रेंज नसते, लागला नाही. सकाळीही पोरीनं पेज ढकलून दिली. मी काकाला म्हटलं, "हिला आईकडे नेते."

"परवानगीशिवाय मुलगी बाहेर जात नाही."

"मग दे परवानगी. नाहीतर आज चूल पेटणार नाही. तू रांध."

त्याला चहासुद्धा धड येत नाही. परवानगी मिळाली.

पोलादपूरपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं आम्ही वाडीच्या फाट्यावर आलो. वरची चढण पोरीला घेऊन चढायला माझ्या गुडघ्यांत जीव नाही. शेड होती, तिथं बसलो. एक बाबा शेळ्या घेऊन वर निघाला होता. त्याला म्हटलं, हिच्या आईला सांग, पोर खाली आलीय, लगेच ये.

तो म्हणाला, "ती? परवापासनं दिसली नाय बा." आणि थोडं पुढं जाऊन म्हणाला, "गवताला लागली असंल वरच्या अंगाला. बघतो."

पोरीनं त्याचं पहिलंच वाक्य ऐकलं. मी बिस्कीट दिलं, ते तिनं हातात धरलं तसंच भुगा होईपर्यंत धरून ठेवलं. वाटेकडे बघायला तयार नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. मला त्या वेळी त्या मॅडमला तिथं आणून त्या पोरीसमोर बसवावीशी वाटत होती. बोलू नको, रडू नको, फोटो काढू नको. नुसती बस आणि बघ.

बऱ्याच वेळानं वरून कोणी तरी धावत आलं. हातात विळा, डोक्यावर गवताचा काडीकचरा तसाच. "काय झाला गो? काय झाला माझ्या पोरीला?"

पोरगी वळली, पण आईच्या तोंडाकडे बघेना. हातांवर पुढं सरकली आणि आईच्या पायांकडे बघायला लागली. पुढून बघितलं, मागं जाऊन टाचा बघितल्या. भुताचे पाय उलटे असतात, ते ती बघत होती. टाचा मागंच आहेत अशी खात्री पटली तेव्हा तिनं त्या चिखलाच्या पायांना मिठी मारली.

मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. आई आधी हसली. "मेल्याची आवई उठली का आयुष्य वाढतं, मावशे. त्या बाईनं मला शंभर वर्सांची केली." मग विळ्याच्या टोकानं माती उकरत बसली. "माझ्या पानावर काय होता?"

"खीर, वडे."

"जितेपनी मला कोनी वडे तलून नाय दिले," ती म्हणाली. "चल गो पोरी, घरी. नको ती शाला."

पोरगी पायांना धरूनच म्हणाली, "सोमवारी परीक्षा हाय."

आई तिच्याकडे बघत राहिली. खाली शाळा, वर घर, मध्ये ओढा. शेवटी ती म्हणाली, "ने तिला, मावशे. पन दिवालीला ती बाई येनार का? मग मीपन येनार. मला दिसू दे तिला."

दिवाळीला आई आली. निळी साडी, केसाला तेल, सुकटीची पुडी कमरेला. फराळ वाटायच्या कार्यक्रमात पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांत अगदी पुढं बसली. पोरगी तिच्या मांडीवर.

मॅडमनं काकाला विचारलं, "या कोण?"

काका पंख्याकडे बघायला लागला. आईच बोलली. "मी हिची आय. माझा पान ठेवलात ना तुमी? वडे उरले असतील तर द्या बाय, माझ्या वाट्याचे."

पोरं खो खो हसली. मॅडम लाल झाली. आता ही पोरीला जवळ घेईल, निदान एक शब्द बोलेल, असं मला वाटलं होतं. ती काकाकडे वळली. "तुम्ही मला फसवलंत! तो व्हिडिओ मी सगळ्यांना पाठवलाय. आता लोक मला काय म्हणतील?" पोरीकडे तिनं एकदाही बघितलं नाही. फराळाचे डबे ठेवून गेली, ती परत आली नाही.

काका मला म्हणाला, "मावशी, या थंडीला गाद्या देणार होत्या त्या. गेल्या."

"जाऊ देत. पोरांची आई मारून गादी नको."

बोलायला सोपं. थंडीत इथली फरशी बर्फासारखी लागते आणि पोरं चटईवर झोपली. मला त्याचाही राग आहे. मेलेल्या आईला गादी मिळते, जिवंत आईला मिळत नाही. हा हिशेब काकानं केलेला नाही. दारात चपला काढणाऱ्यांनी केलेला आहे, काका फक्त त्यांना पाहिजे ते वाढत होता. आता तो तसं सांगत नाही. सांगायची सोयच उरलेली नाही. कारण गाडीचा आवाज आला की ती पोरगी सगळ्यांच्या आधी हातांवर दारात पोचते आणि पाहुण्यांच्या चपला निघायच्या आत मोठ्यानं सांगते, "माझी आय हाय. गवत कापते. सुकट खाते."

पाहुणे "हो का, छान" म्हणतात. आणि त्यांची नजर तिच्या डोक्यावरून आत जाते, दुसरं पोर शोधत.