पंख्यातली लाल धूळ

आई ज्या मिरचीच्या पेढीवर कामाला जायची, तिथला भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी मागून आणला होता. दोन वर्षं तो घरात नुसता घरघरत होता. शेवटी म्हटलं, क्लासची फी भरण्यापेक्षा यालाच उघडून हार्डवेअर शिकू. सुरतहून जुनी रॅम आणली, स्वस्तातली एसएसडी मागवली आणि कॅबिनेट उघडलं.

आत सगळीकडे मिरचीची लाल धूळ बसली होती. पंख्याची पाती दिसतच नव्हती. मी शहाण्यासारखी जोरात फुंकर मारली आणि तासभर डोळे चोळत, शिव्या देत बसलो. खाटेवर बसलेली आई हसली. मिरच्यांचे देठ खुडण्यात तिची वीस वर्षं त्याच धुळीत गेली होती.

मग ब्रशने एकेक पातं साफ केलं. रॅम खोडरबरने घासून बसवली, एसएसडी जोडली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला. घरघर पार थांबली होती.

"आते बरं वाटस का त्याले?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. रोजचाच खोकला होता. त्या शांत खोलीत तो मला पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू आला.