तिथं कार्ड द्यायचं नसतं

सकाळी भावजयीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "आक्का, लवकर या... हे उठंनात." रिक्षा करून उचगावला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझा धाकटा भाऊ दिलीप बनियनवरच कॉटवर आडवा होता. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट टांगलेला होता, कारण दुसऱ्याच कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाला तो निघाला होता. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. त्या शर्टाचा राग आला.

परगावच्या वाचकांना एवढं सांगायला हवं, की आमच्या कोल्हापुरात माणूस गेला की दोन दिवसांनी सकाळी रक्षाविसर्जन असतं. वेळ पेपरात छापून येते आणि ओळखीचा, अर्ध्या ओळखीचा, जो तो जाऊन उभा राहतो. लग्न चुकलं तर चालतं. हे चुकलेलं लोक जन्मभर ध्यानात ठेवतात.

दिलीप घरांचे नकाशे काढायचा. नव्वदीच्या सुरुवातीला एका बिल्डरकडं ड्राफ्ट्समन होता. तिथला साहेब जरा उशीर झाला की मस्टरवर लाल रेघ ओढायचा. एक दिवस हा नोकरी सोडून, पेढे घेऊन माझ्या दारात! "आक्का, सुटलो बघ. आता कुणाची हजेरी न्हाय." मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, जन्मभर हजेरी घेत आलेली. मला काही ते पटलं नाही, पण पेढा खाल्ला.

उचगावला रस्त्याकडेला खोली घेतली, ड्रॉइंग बोर्ड मांडला, पाटी लावली आणि वाट बघत बसला. काम काय पाटी वाचून येतंय होय? मग कार्डं छापली. लग्न, बारसं, वास्तुशांत, काही सोडलं नाही, जिथं तिथं वाटत सुटला. भावकीतल्याच एका लग्नात जेवणं उरकल्यावर एक पाव्हणं निवांत बसून दिलीपच्या कार्डाच्या कोपऱ्यानं दात कोरत होते. आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. मला हसू आवरेना, तो मात्र हसला नाही. पल्लवी, त्याची एकुलती एक पोर, तेव्हा पहिलीत होती आणि सुनंदा दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

अशात शेजारचे एक आजोबा गेले. त्यांच्यावर दिलीपचा खरंच जीव होता. त्यानं खांदा दिला, रक्षाविसर्जनाला शेवटचा माणूस हलेपर्यंत थांबला. काही महिन्यांनी आजोबांचे दोघे मुलगे खोलीवर आले. भाऊ वेगळे होणार होते. घराच्या मधोमध भिंत, दोन दारं, दोन जिने, असा नकाशा हवा होता. "तू आमचा माणूस हाईस," म्हणाले. ते काम बघून त्यांचा मेव्हणा आला, मग मेव्हण्याचा साडू... आणि दिलीपला जे उमगायचं ते उमगलं. घरातलं थोरलं माणूस गेलं की वर्षाच्या आत घरात भिंत उभी राहते, आणि ती भिंत कागदावर आधी काढावी लागते.

तेव्हापासून हा पेपर मागून उघडायला लागला, निधनाच्या पानापासून. पांढरा शर्ट चढवायचा, स्कूटरला किक मारायची, की पंचगंगेचा घाट, नाहीतर शिरोळ, कधी थेट गडहिंग्लज. एकदा मी म्हटलं, "तिथंबी कार्डं वाटतोस काय रे?" केवढा चिडला! "आक्का, तिथं कार्ड द्यायचं नसतं. नुसतं दिसायचं."

दिसत राहिला आणि कामं येत राहिली. स्वतःचं घर झालं, पल्लवीचा डिप्लोमा झाला, हे नाकारून कसं चालेल? पण एकदा दिसलं की पुढं दिसावंच लागतं, आणि त्यातून सुटका नाही. एका मे महिन्यात आम्ही सगळे जीप करून कोकणात निघालो. पल्लवीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. गगनबावड्याला चहासाठी थांबलो, ह्यानं टपरीवरचा पेपर सवयीनं मागून उघडला आणि उठलाच. शिरोळच्या कुणा गिऱ्हाइकाची आई गेली होती. "तुम्ही व्हा पुढं." माझी सटकली. "तू न्हाय गेलास तर म्हातारी उठून बसणार हाय काय?"

"म्हातारी न्हाय गं... तिची पोरं बघत्यात की, कोण आलं, कोण न्हाय."

उलट्या दिशेच्या एस.टी.त बसून तो गेला. पल्लवीनं समुद्र आत्तीचा हात धरून पाहिला.

गेल्या दिवाळीत माझ्याकडं फराळाला आला होता. लाडू हातात तसाच धरून म्हणाला, "पोरं रडत असत्यात समोर, आणि माझं मनात चाललेलं असतंय... भाऊ किती, जागा किती, जिना कुठनं काढायचा. माणूस हाय का गिधाड मी?" खा तो लाडू, एवढंच मी म्हणाले. जाताना चप्पल घालता घालता बोलला, "मी गेलो की पेपरात देऊ नका. घरच्या घरी उरका. नायतर पल्लवी अडकंल." पल्लवी तोवर त्याच्याच टेबलाशेजारी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला लागली होती. "बाबा, मी काम चांगलं करीन, काम बघून लोक येतील," असं त्याला चिडवायची. ते ऐकून त्याचा चेहरा असा काही खुलायचा! पोरीला सुटं ठेवायचं, एवढा एकच हट्ट त्याला उरला होता.

आम्ही पेपरात दिलं नाही. पाव्हण्यांनी नावं ठेवली, ठेवू दिली. रक्षाविसर्जनाला घरचे तेवढेच घाटावर उभे होतो. मग एक मोटरसायकल आली, मागून जीप, मग स्कूटरींची रांगच लागली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. कुणी कुणाला कळवलं देव जाणे. शिरोळचे एक गृहस्थ माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, "आमच्या आईच्या वेळी दिलीपराव सहल सोडून माघारी आलते." मी ढसाढसा रडले. माझा दिल्या एवढ्या लोकांचा होता, म्हणून ऊर भरून आला. त्यानं काय बजावलं होतं, तेच विसरले. डोळे पुसून पाहते तर पल्लवी रडत नव्हती. समोरून जाणारा एकेक चेहरा ती नीट बघून घेत होती.

परवा सकाळी उचगावला गेले. दिलीपच्या खुर्चीत पल्लवी बसली होती, पुढ्यात पेपर, मागून उघडलेला. अंगात पांढरा ड्रेस, नुकती इस्त्री केलेला.

"कुठं गं?"

"शिरोळला, आत्ती. ज्यांच्या आईसाठी बाबा गगनबावड्यातनं माघारी फिरलते ना, त्यांचे वडील गेले. ते आपल्याकडं आलते की."

पेपरात का द्यायचं नाही, हे दिलीप मला एकटीलाच बोलला होता. ते आज तिला सांगायचंच, असं ठरवून मी उठले. तिनं खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली.

"थांब," मी म्हणाले.

ती दारात थांबली.

"मीबी येते. मला वळखत्यात ते."